वाचकांचे प्रश्न : जुना डीएसएलआर हाताशी असताना

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले निकॉन किंवा कॅननचे प्राथमिक श्रेणीतले डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आज कपाटात पडून आहेत, आणि त्यांचे पुढे काय करावे हे विचारणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतली पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या भावाने २०११ साली घेतलेला निकॉन डी ३१०० आणि त्यासोबतची १८-५५ लेन्स आता माझ्याकडे आली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसून, कॅमेरा 'ऑटो'वर ठेवून मी सुमारे तीनशे फोटो काढले. बहुतेक फोटो काळपट आले आणि नाचणाऱ्या मुलींचे हात पुसट झाले. शेजारच्या सहकाऱ्याच्या मोबाइलवरचे फोटो मात्र उजळ दिसत होते. १४ मेगापिक्सेलचा हा कॅमेरा कालबाह्य झाला आहे का? दुकानदार नव्याच्या बदल्यात घेतो म्हणतात, तर देऊन टाकावा का?
— एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, कॅमेरा देऊ नका. तुम्ही सोबत पाठवलेले दोन फोटो मी बराच वेळ पाहिले, आणि त्यांतला दोष कॅमेऱ्याच्या वयाचा नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

पहिल्या फोटोच्या नोंदीत ५५ मिलिमीटर, एफ/५.६ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे), १/६० सेकंद (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ ८०० (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) हे आकडे आहेत व फ्लॅश उडाल्याची खूण आहे. अंधार दिसला की 'ऑटो' आपणहून फ्लॅश उघडतो, पण या कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशची ताकद आयएसओ १०० ला १२ मीटर एवढीच मोजलेली आहे. या आकड्याला एफच्या आकड्याने भागले की प्रकाश किती लांब पोहोचतो ते कळते. एफ/५.६ ला तो जेमतेम २ मीटर जातो, आणि आयएसओ ८०० केल्यावरही ६ मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट. तुम्ही रंगमंचापासून पन्नास फुटांवर बसला होता. त्यामुळे तुमचा फ्लॅश पुढच्या चार रांगांतल्या पालकांची डोकी उजळून विझून गेला आणि मुलींपर्यंत पोहोचलाच नाही.

दुसरी अडचण लेन्सची आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स दिवसाच्या उजेडात चांगले काम करते, परंतु ५५ वर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स याच सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, तिच्या साडेनऊपट प्रकाश टाकते. एवढा फरक पडला की फ्लॅश बंद ठेवून, आयएसओ १६०० वर, रंगमंचावरच्या दिव्यांतच १/२५० सेकंदाचा वेग मिळू शकतो आणि फिरकी घेणाऱ्या मुलीचा हात जागेवर थांबतो. नव्या कॅमेऱ्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांचा थोडासा भाग या एका लेन्सवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेन्स घेताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी ३१०० च्या अंगात फोकसची मोटर नाही. त्यामुळे निकॉनच्या ज्या लेन्सच्या नावात 'एएफ-एस' ही अक्षरे आहेत, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे, उदाहरणार्थ ३५ मिलिमीटरची एफ/१.८ जी डीएक्स किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ जी, तीच घ्यावी. ५० मिलिमीटरची जुनी 'डी' प्रकारची लेन्स स्वस्तात मिळते आणि कॅमेऱ्यावर व्यवस्थित बसतेही, पण प्रत्येक फोटोला फोकस हाताने करावा लागतो. घाईच्या कार्यक्रमात ते जमत नाही. आपला कॅमेरा दुकानात घेऊन जा, लेन्स चढवा, बटण अर्धे दाबा आणि फोकस आपणहून लागतो की नाही हे पाहूनच पैसे द्या.

तुमच्या दुसऱ्या फोटोत माइकचा दांडा अगदी लख्ख आला आहे. त्याच्या जाळीची भोकेही मोजता येतात. गाणारी मुलगी मात्र धूसर आहे. 'ऑटो'वर असताना कॅमेरा स्वतःच्या ११ फोकसबिंदूंपैकी बहुधा सर्वांत जवळच्या वस्तूवरचा बिंदू निवडतो, म्हणून असे झाले. या ११ बिंदूंपैकी फक्त मधला बिंदू आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखणारा आहे. मेनूमध्ये जाऊन एकच बिंदू निवडण्याची सोय चालू करा, मधला बिंदू मुलीच्या डोळ्यांवर धरा, बटण अर्धे दाबून ठेवा आणि मग चौकट हवी तशी हलवून फोटो घ्या. वरची चकती 'ए' वर ठेवा (यात छिद्र आपण ठरवतो आणि वेग कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/२ च्या आसपास ठेवा आणि आयएसओ स्वतः ठरवा. डी ३१०० ला आयएसओचे वेगळे बटण नसले, तरी फ्लॅशच्या बटणाजवळच्या 'एफएन' बटणाला ते काम नेमून देता येते. या कॅमेऱ्यावर आयएसओ १६०० निर्धास्तपणे वापरावा आणि ३२०० नाइलाज असेल तरच. त्यापुढे सावल्यांतले रंग फाटतात. आणखी एक विनंती अशी की, पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांना सांगून रंगमंचाच्या बाजूला, पहिल्या रांगेच्या टोकाला बसा. जवळ जाण्याचे काम कोणतीही लेन्स पूर्णपणे करत नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, काळोख उजळतो आणि कमी प्रकाशात फोटोवर येणारे खरखरीत दाणे पुसतो. मोबाइलच्याच पडद्यावर पाहायचे असेल तर त्याचा फोटो खरोखर चांगला दिसतो, आणि चित्रफीत काढायची असेल तर तोच वापरावा असे मीही सांगेन. मात्र सहकाऱ्यांचा तोच फोटो मोठा करून मुलींचे चेहरे पाहा. भुवया, केसांची वळणे आणि गजऱ्यातली फुले एकमेकांत मिसळून गेलेली दिसतील. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.१ बाय १५.४ मिलिमीटरचा आहे, म्हणजे बहुतेक मोबाइलच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने कित्येक पट मोठा. त्याचा फायदा प्रकाश पुरेसा मिळाला की लगेच दिसतो. १४ मेगापिक्सेल म्हणजे ४६०८ बाय ३०७२ ठिपके. शाळेच्या कार्यालयात लावण्यासाठी १२ बाय १८ इंचांचा फोटो छापला, तरी प्रत्येक इंचात २५६ ठिपके पडतात आणि भिंतीवरच्या फोटोला ते भरपूर होतात.

प्रश्न : लातूरमध्ये एका स्टुडिओत मदतनीस म्हणून काम करतो. स्वतःचा पहिला कॅमेरा म्हणून जुना कॅनन १२०० डी मिळत आहे. घेताना काय तपासावे?
— एक तरुण, लातूर

उत्तर : हा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०१४ साली बाजारात आला आणि शिकण्यासाठी तो उत्तम आहे. रिकामे मेमरी कार्ड, एक पांढरा कागद आणि छोटी बॅटरी (टॉर्च) घेऊन दिवसा उजेडी जा. छिद्र एफ/२२ करून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या, म्हणजे सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. धुळीचे ठिपके साफ होतात, त्यामुळे त्यांना घाबरण्याचे कारण नाही, पण ओरखडा असेल तर कॅमेरा घेऊ नका. लेन्स काढून, तिच्या एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. बॅटरीच्या कप्प्यातल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर नाही ना, कार्डाच्या खाचेतली पिन वाकलेली नाही ना, आणि फ्लॅश लागोपाठ पाच वेळा उडतो ना, हेही पाहावे.

शटर किती वेळा उडाले, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले, हे विक्रेता सांगेल त्यावर विसंबू नका. निकॉनच्या कॅमेऱ्यात हा आकडा फोटोच्या नोंदीत सापडतो, कॅननच्या या श्रेणीत तो सहसा नोंदवला जात नाही. तेव्हा कॅमेऱ्याच्या अंगावरच वापराच्या खुणा शोधाव्यात. उजव्या हाताखालचे रबर सैल झाले असेल आणि बटणांवरची अक्षरे पुसली गेली असतील, तर त्या कॅमेऱ्याने अनेक लग्ने पाहिली आहेत असे खुशाल समजा. कॅननच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. १९८७ पासून निघालेल्या ईएफ लेन्सना फोकसची मोटर लेन्समध्येच असते, म्हणून जुन्यातली जुनी ईएफ लेन्सही या कॅमेऱ्यावर आपणहून फोकस करते.

स्टुडिओच्या मालकांसाठी लग्नाचे काम मात्र या एकट्या कॅमेऱ्यावर घेऊ नका. त्यात एकच कार्ड बसते, आणि सप्तपदी पुन्हा होत नाही.

प्रश्न : आमचे शेत नाथसागराच्या काठाजवळ आहे. हिवाळ्यात पाणी उतरले की पक्षी येतात आणि मी जुन्या डीएसएलआरवर त्यांचे फोटो काढतो. सध्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी तीन काळे ठिपके येतात. शिवाय ५५-२५० लेन्सच्या आत पांढरट जाळी दिसू लागली आहे. आपला भाग तर कोरडा आहे, मग बुरशी कशी लागली?
— एक शेतकरी, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण याच समजुतीपायी माझीही एक लेन्स गेली आहे.

आधी ठिपक्यांविषयी. ते सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठासारखी बारीक असते, आणि बांधावर उभे राहून लेन्स बदलली की ती आत जाते. लेन्स बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवा आणि दुसरी लेन्स आधीच हाताशी काढून ठेवा. आत गेलेली धूळ काढण्यासाठी बॅटरी पूर्ण भरा, मेनूमधून 'सेन्सर स्वच्छता'चा पर्याय निवडा म्हणजे आरसा वर जाऊन थांबेल, कॅमेरा उपडा धरा आणि रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकर कधीही घालू नये, कारण थुंकीचा एक बारीक शिंतोडा सेन्सरवर धुळीपेक्षा हट्टाने बसतो. दुकानातला दाबाचा हवेचा डबाही वापरू नका. त्यातून कधी कधी द्रव उडतो. फुग्याने जात नसेल तर जाणकाराकडे न्यावे. काच पुसण्याच्या कापडाने आत हात घालू नये.

आता बुरशीविषयी. मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा असतो हे खरे, पण आपण घरात कोरडे राहत नाही. मार्चपासून जूनपर्यंत घरोघर वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला कुलर चालतो, आणि बंद खोलीत तो हवा चांगलीच ओलसर करतो. त्याच खोलीच्या कपाटात कॅमेरा ठेवला, तर बाहेर ४२ अंशांचे ऊन असतानाही लेन्सभोवती श्रावणातली हवा असते. त्यानंतर खरा पावसाळा येतो. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने तिला ओल मिळत राहते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि जागा अंधारी असली की बुरशी काचेवर आणि तिच्यावरच्या लेपावर वाढू लागते.

माझी लेन्स मी चामड्याच्या पिशवीत घालून, कपाटाच्या खालच्या खणात ठेवली होती. होळीला ठेवलेली लेन्स मी दिवाळीच्या साफसफाईतच बाहेर काढली. मधल्या काचेच्या कडेला नखाएवढा पांढरा डाग होता, आणि त्यातून हातावरच्या रेषांसारखे बारीक फाटे मध्यभागाकडे निघाले होते. दुरुस्त करणाऱ्याने काच पुसून दिली, पण बुरशीने लेप खाल्ला होता. त्या लेन्समधून उन्हाकडे पाहून फोटो घेतला की आजही मधोमध धुके येते. चामडे ओल धरून ठेवते हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

तुमच्या लेन्सवरची जाळी जर नुकतीच दिसू लागली असेल, तर ती या महिन्यातच उघडून साफ करून घ्या. तोवर ती दुसऱ्या लेन्सजवळ ठेवू नका. पुढच्यासाठी स्वयंपाकघरात मिळतो तसा घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवा, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरले असे समजावे. लोखंडी तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होते, पण तो तवा पुढे स्वयंपाकाला वापरू नये. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मला मान्य नाही, कारण तांदळाचा भुसा झूमच्या फटींतून आत जातो. हा डबा कुलर नसलेल्या खोलीत ठेवावा. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

शेतावर जाताना कॅमेरा गाडीच्या डिकीत किंवा जीपच्या काचेमागे उन्हात सोडू नका. वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरते आणि मग पाती चिकटतात.

प्रश्न : मी जालन्याला महाविद्यालयात शिकते. सहलीत अजिंठा आणि वेरूळ पाहणार आहोत. माझ्याकडे काकांचा कॅनन ११०० डी आहे. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही असे कळले. मग फोटो येतील का?
— एक विद्यार्थिनी, जालना

उत्तर : येतील. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती मनापासून पाळावी. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे रंग आपल्या एका फोटोसाठी पणाला लावू नयेत. तिपाईलाही परवानगी लागते, तेव्हा हातातच कॅमेरा स्थिर धरण्याची तयारी घरूनच करून जा.

तुझ्या लेन्सच्या नावात 'आयएस' ही अक्षरे असली तर ती हाताची थरथर बरीच सावरते. लेन्स १८ वर ठेव, छिद्र एफ/३.५, आयएसओ १६००, आणि फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) प्रकारात घे, म्हणजे लेण्यातल्या पिवळट दिव्यांचा रंग घरी दुरुस्त करता येईल. दोन्ही कोपरे छातीशी टेकव, श्वास अर्धा सोड आणि बटण दाबून लागोपाठ तीन फोटो घे. पहिल्यात बोट दाबल्याचा आणि तिसऱ्यात बोट उचलल्याचा हिसका असतो. मधला बहुधा स्थिर येतो. चित्रातल्या आकृती हलत नाहीत, म्हणून १/४ किंवा १/८ सेकंदही चालतो, जो तुमच्या महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये कधी चालला नसता. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दी असते. आधी कॅमेरा खाली ठेवून डोळे अंधाराला सरावू दे, चित्र नीट पाहा आणि मगच कॅमेरा उचल.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे सोळाव्या लेण्याचे, म्हणजे कैलासाचे, दर्शनी अंग दुपारनंतर उजळते. सकाळी तेथे सपाट सावली असते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर वरून खाली कोरत आणले गेले. हे फोटोतून सांगायचे असेल तर अंगणातले फोटो झाल्यावर बाजूच्या डोंगरावर चढून वरूनही एक फोटो घे, म्हणजे कळस आणि भोवतालचा कडा एकाच चौकटीत येतील. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे सहल ठरवणाऱ्या सरांना अवश्य सांग.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा निकॉन डी ४० घरीच राहिला. सातवीतली नात तो मागते. नवे ६४ जीबीचे कार्ड घातले तर कॅमेरा ते ओळखत नाही. कॅमेरा बिघडला आहे का? आणि ६ मेगापिक्सेलवर ती काय शिकणार?
— एक आजोबा, हिंगोली

उत्तर : आजोबा, कॅमेरा बिघडलेला नाही. डी ४० हा २००६ सालचा आहे आणि त्याला एसडीएचसी प्रकारचे, म्हणजे जास्तीत जास्त ३२ जीबीचे कार्डच कळते. त्यावरची कार्डे वेगळ्या प्रकारची असतात. ८ जीबीचे कार्ड आणा आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. त्यावर हजारो फोटो मावतील.

त्याचे ३००८ बाय २००० ठिपके ८ बाय १२ इंचांच्या फोटोला पुरतात, आणि शिकण्यासाठी तर त्याहून कमी असते तरी चालले असते. नातीला सकाळी खिडकीशी बसवा. पाटावर तांब्या ठेवा, खिडकी त्याच्या डाव्या अंगाला राहू द्या, आणि तिला कॅमेरा 'ए' वर ठेवून एकाच जागेवरून त्याचे तीन फोटो घ्यायला सांगा. पहिला एफ/५.६ वर, दुसरा एफ/११ वर आणि तिसरा एफ/२२ वर. तिसऱ्या वेळी शटर उघडून बंद व्हायला लागणारा वेळ तिला कानांनीच कळेल. मग तिन्ही फोटो गावातल्या लॅबमधून छापून आणा, तांब्यामागची भिंत कोणत्या फोटोत किती स्पष्ट आहे हे तिला तुम्हाला दाखवू द्या, आणि तिला काय दिसले ते आम्हाला कळवा.